सरावाला येणाऱ्या लहान जिम्नॅस्ट मुलींनी मेकअप करावा का?

अबोली_रत्नागिरी
नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची असून गेली साडेतीन वर्षे ती रत्नागिरीत जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाते. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेचार ते सात, असा तिचा सराव असतो. गेल्या महिन्याभरापासून सरावाला निघण्यापूर्वी ती आरशासमोर वीस-पंचवीस मिनिटे घालवू लागली आहे. सुरुवातीला फक्त काजळ होते, म्हणून मी काही बोलले नाही. आमच्या घरी तान्ह्या बाळालाही काजळ-तीट लावतात, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही. पुढे ओठांना रंग आला, आणि पंधरा दिवसांपूर्वी माझ्या कपाटातली फाउंडेशनची बाटली तिच्या सरावाच्या पिशवीत, लिओटार्डच्या (जिम्नॅस्टच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाच्या) घडीत गुंडाळलेली सापडली.

शनिवारी प्रशिक्षक मॅडमनी सर्व पालकांना निरोप पाठवला की सोमवारपासून चेहऱ्यावर काहीही लावून आलेल्या मुलीला तोंड धुतल्याशिवाय मॅटवर घेतले जाणार नाही. त्यावरून पालकांत दोन तट पडले आहेत. मला मॅडमचे म्हणणे पटते, परंतु ते मुलीला कसे पटवून द्यावे हे मला उमगत नाही, कारण मी स्वतः शाळेत शिकवायला जाताना पावडर आणि लिपस्टिक लावते आणि तिने मला नेमके तेच विचारले. येथे प्रशिक्षक, पालक आणि पूर्वी खेळलेले सदस्य आहेत. आपले मत आणि अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

मांडवी
माझीही मुलगी जिम्नॅस्टिक्स खेळते आणि मी दुसऱ्या तटातली आहे, हे आधीच सांगते. स्पर्धेच्या दिवशी केस चापूनचोपून बांधणे, डोळे रेखणे, गालांना थोडा रंग लावणे हे सगळे आपणच करतो. मग ज्या मुलीने सरावात कधीच चेहऱ्याला काही लावलेले नाही, तिला स्पर्धेच्या सकाळी पापण्या जड वाटतात, ओठ चिकट वाटतात आणि तिचे लक्ष खेळावरून उडते. जे स्पर्धेत करायचे आहे त्याची सवय सरावात व्हायला हवी, हाच नियम आपण कोलांटीला लावतो. शिवाय नीटनेटकी दिसणारी मुलगी आत्मविश्वासाने उभी राहते आणि परीक्षकांवर त्याची छाप पडते, असे मला मनापासून वाटते.

देवबागची_वाट
अकरा वर्षांच्या मुलीला फाउंडेशनची गरज का भासावी, हा प्रश्न मला सर्वांत आधी पडतो. मेकअप हा मोठ्यांचा विषय आहे. खेळाच्या ठिकाणी शिस्त हवी, आणि प्रशिक्षकांनी एकदा नियम केला की पालकांनी त्यावर चर्चा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही शाळेत असताना मैदानावर जायचे तर पायांत चपलाही नसत.

बीमवरून
मी गेली बरीच वर्षे सिंधुदुर्गात मुलींना आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स शिकवते. धागाकर्तीने प्रशिक्षकांचे मत मागितले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मेकअप चांगला की वाईट या वादात मी मुलींशी कधीच पडत नाही. मी त्यांना उपकरणे दाखवते. बीमची, म्हणजे ज्यावर तोल सांभाळत कसरती करतात त्या अरुंद पट्टीची, रुंदी १० सेंटिमीटर आहे, म्हणजे आपला तळवा आडवा ठेवला तर जवळजवळ तेवढीच. त्याची लांबी ५ मीटर आणि जमिनीपासूनची उंची १२५ सेंटिमीटर आहे. त्यावर मागे कमान टाकून हात टेकवायचे असतात तेव्हा डोळ्यांना बीमचे टोक दिसण्यासाठी एक क्षणच मिळतो. त्याच क्षणी घामाबरोबर उतरलेले काजळ डोळ्यांत गेले तर मुलगी डोळे मिटते, आणि मिटल्या डोळ्यांनी टाकलेला हात बीमच्या बाहेर पडतो. असे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे. सुदैवाने खाली जाड मॅट होती आणि मुलीचे मनगट केवळ मुरगळले.

दुसरा मुद्दा हातांचा. बारवर, म्हणजे लोंबकळण्याच्या आडव्या दांड्यांवर, जाण्यापूर्वी मुली हाताला जी पांढरी पूड चोळतात ती मॅग्नेशियम कार्बोनेट असते आणि ती तळहाताचा घाम शोषून घेते. मुलगी घाम पुसायला तोंडावरून हात फिरवते, तेव्हा चेहऱ्यावरचे क्रीम तळहातावर येते, आणि क्रीम व पूड मिळून जो लगदा होतो तो पकड वाढवण्याऐवजी घालवतो. त्यामुळे चेहऱ्यापेक्षाही मला हातापायांना लावलेल्या लोशनची अधिक धास्ती वाटते. गुडघे छातीशी घेऊन उलटी मारताना मुली दोन्ही हातांनी नडग्या धरतात. नडगीला लोशन असेल तर धरलेले हात सुटतात आणि हवेत शरीर उलगडते. घरून निघताना आईने प्रेमाने पायांना लावून दिलेले मॉइश्चरायझर सरावात किती घातक ठरू शकते, हे पालकांच्या ध्यानातच येत नाही.

मांडवीताई, परीक्षकांवरील छापेबद्दलही लिहायला हवे. आर्टिस्टिक प्रकारात काठिण्याचे गुण वेगळे मोजले जातात आणि अंमलबजावणीचे गुण १० पासून सुरू होऊन चुकांनुसार कापले जातात. बीमवरून किंवा बारवरून पडल्यास एक पूर्ण गुण जातो. कलात्मकतेचा विचार बीम आणि फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतींत) होतो हे खरे, परंतु तो हालचालींचा, लयीचा आणि देहबोलीचा होतो. ओठांच्या रंगाला गुण नाहीत. भारताच्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकर यांना २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावरून उडी घेण्याच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळाले आणि कांस्यपदक १५.२१६ गुणांवर गेले. त्या दोन आकड्यांमधले अंतर जमिनीवर उतरताना टाकलेल्या पावलाएवढे लहान आहे. आमचा सगळा जीव त्या पावलात अडकलेला असतो.

मांडवी
बीमवरूनताई, पायांच्या लोशनचा मुद्दा मला खरोखर ठाऊक नव्हता आणि मी आजवर मुलीला ते लावूनच पाठवत आले आहे. उद्यापासून ते बंद. परंतु स्पर्धेच्या सवयीचा माझा मुद्दा आपण सोडून दिलात.

रिबनवाली
मी अलिबागची. पूर्वी ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळले आहे, त्यामुळे या धाग्यावर थोडी वेगळी बाजू मांडते. आर्टिस्टिक आणि ऱ्हिदमिक यांत फरक न करता येथे बोलले जात आहे. ऱ्हिदमिकमध्ये हूप, चेंडू, क्लब आणि रिबन ही साधने असतात, १३ मीटर बाय १३ मीटरच्या मंचावर संगीताच्या साथीने सादरीकरण होते, आणि चेहऱ्यावरचा भाव हा त्या सादरीकरणाचा भाग मानला जातो. तरीही आंतरराष्ट्रीय नियमांत मेकअप सौम्य आणि स्वच्छ असावा, नाटकी मुखवट्यासारखा नसावा, असेच म्हटलेले आहे. म्हणजे ज्या प्रकारात मेकअप रूढ आहे, तेथेही त्याला मर्यादा घालून दिली आहे.

आता माझा अनुभव. मी तेरा-चौदा वर्षांची असताना सरावालाही डोळे रेखून जात असे आणि आमच्या ताईंनी मला कधी अडवले नाही. रिबन पाच-सहा मीटर लांब असते आणि ती वर फेकल्यावर मान उंचावून तिच्याकडे बघावे लागते. छताला लावलेले दिवे थेट डोळ्यांत येतात. काजळाचा त्रास होतो हे मला कोणी सांगितले नाही, ते मला माझे कळले, आणि मी ते सोडले. पुढे स्पर्धेपुरते ते पुन्हा लावू लागले तेव्हा किती लावायचे, कोणते लावायचे हे माझ्या हाताला माहीत होते. मुलींना स्वतः शिकायला थोडी जागा द्यावी, असे मला यावरून वाटते.

देवबागची_वाट, आपल्या प्रतिसादातील शिस्त या शब्दाशी मी सहमत नाही. त्याच वर्गात येणारा मुलगा केसांना जेल लावून, कपाळावर झुलपे सोडून येतो. ती झुलपेही डोळ्यांवर येतात. त्याच्या पालकांना निरोप गेल्याचे मी कधी ऐकलेले नाही. २०२१ साली युरोपीय स्पर्धेत आणि त्यानंतर टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या मुलींनी घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख घातला. नियमात तो आधीपासून बसत होता, तरी तो घातल्यावर जगभर बातमी झाली, कारण मुलींनी कसे दिसावे हे मुलींनी ठरवण्याची खेळाला सवय नव्हती. काही लावण्याची सक्ती आणि काही न लावण्याची सक्ती या दोन्हींत ठरवणारे दुसरेच कोणीतरी असते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

देवबागची_वाट
मुलाच्या झुलपांबद्दल आपण लिहिलेले योग्य आहे. डोळ्यांवर काही येऊ नये असा नियम असेल तर तो सर्वांना सारखाच लागू झाला पाहिजे. माझ्या वाक्यात तो विचार नव्हता, हे मी मान्य करतो. फाउंडेशनबद्दलचे मत मात्र मी बदललेले नाही.

पांढरा_एप्रन
मी परिचारिका आहे. या चर्चेत अजून न आलेली एक गोष्ट नोंदवते. शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही रुग्णाला लिपस्टिक आणि नखांचा रंग काढायला सांगतो, कारण ओठांचा आणि नखांचा मूळ रंग दिसणे आवश्यक असते. रक्तात प्राणवायू कमी पडू लागला की तो रंग बदलतो. सरावात शस्त्रक्रिया नसते हे उघड आहे, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली, बंद सभागृहात, अडीच तास उड्या मारणाऱ्या मुलीला उष्म्याचा त्रास होऊ लागला तर सर्वांत आधी तिचा चेहरा पांढराफटक पडतो किंवा लालबुंद होतो. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल तरीही चेहऱ्याकडेच आधी पाहिले जाते. पंचवीस मुलींवर नजर ठेवणाऱ्या प्रशिक्षकांना ही खूण दुरून दिसायला हवी. फाउंडेशन नेमकी तीच खूण झाकते.

बीमवरून
पांढरा_एप्रन, मनापासून आभार. मी मुलींचे चेहरे पाहूनच त्यांना पाणी प्यायला पाठवते, परंतु मेकअपला नकार देताना हे कारण मी आजवर कधीच सांगितले नव्हते. पालकांच्या पुढच्या सभेत सांगेन.

साळुंखी
मी त्वचेच्या आजारांवर उपचार करते, म्हणून वैद्यकीय बाजू मांडते. आपल्या किनारपट्टीवर हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो परंतु सुकत नाही. तो अंगावरच राहतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये जो मेकअप तासभर टिकतो तो मालवणात किंवा रत्नागिरीत पंधरा मिनिटांत वाहू लागतो. घाम, चॉकची पूड, मॅटवरची धूळ आणि चेहऱ्यावरचे जाड क्रीम यांचा थर रंध्रांवर बसला की वयात येऊ घातलेल्या मुलींमध्ये मुरमे वाढतात. मग मुरमे झाकण्यासाठी पुन्हा क्रीम लावले जाते, आणि हे चक्र माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींमध्ये मी पाहते.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वापरायचे सामान एकमेकींत फिरणे. एकच काजळाची कांडी चार मुली वापरतात, आणि त्यांतल्या एकीचे डोळे आलेले असतील तर चौघींचे येतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, ती पालकांना आठवत असेल. काजळाला परवानगी द्यायचीच असेल तर किमान ज्याची कांडी त्यानेच वापरावी, हा नियम पाळावा.

एक खुलासा करते. मैदानावर, उन्हात सराव असेल तर सनस्क्रीन लावणे हा मेकअप नव्हे. ते लावावे, मात्र तळहात धुऊन मगच उपकरणाला हात लावावा.

दोरीवरचा_मल्लखांब
चिपळूणहून नमस्कार. मी मल्लखांब शिकवतो, जिम्नॅस्टिक्स नव्हे, परंतु हा प्रश्न आमच्याही दारात उभा आहे. पुरलेल्या मल्लखांबाला आम्ही एरंडेल तेल लावतो, कारण अंग लाकडावरून घासते. दोरीच्या मल्लखांबाचे गणित वेगळे आहे. मुलगी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी पकडून वर चढते, कमरेला, मांडीला आणि काखेत दोरीचे वेढे घेते आणि त्या वेढ्यांच्या भरवशावर हात सोडून देते. त्या अंगाला क्रीम लागलेले असेल तर वेढा सरकतो. म्हणून बीमवरूनताईंच्या लोशनच्या मुद्द्याला मी शंभर टक्के दुजोरा देतो. आमच्याकडे सरावापूर्वी पाय धुण्याची पद्धत आहे. पालकांना ती केवळ देवाधर्माची बाब वाटते; तिच्यामागे हेही कारण आहे.

आता मला एक शंका आहे. टिकलीचे आणि गजऱ्याचे काय करावे? आमच्या भागातल्या मुली अबोलीचा किंवा सुरंगीचा वळेसर माळून थेट सरावाला येतात. त्यांना नाही म्हणताना माझी जीभ अडते.

बीमवरून
फुले आणि कपाळावरची टिकली मी दाराशीच ठेवायला सांगते. ओल्या पाकळीवरून पाय घसरतो. टिकलीबद्दल सांगायचे तर गेल्या उन्हाळ्याच्या शिबिरानंतर आम्ही मॅट उन्हात टाकल्या तेव्हा त्यांच्या शिवणींत सोळा टिकल्या निघाल्या, आणि एक आमच्या सर्वांत लहान मुलीच्या टाचेला चिकटून घरी गेली होती. वळेसर मात्र सराव संपेपर्यंत पाण्याच्या वाटीत ठेवतो आणि घरी जाताना पुन्हा माळून देतो. त्यामुळे कोणी मुलगी रुसत नाही.

हर्णै_बंदर
मी दापोली तालुक्यातली आहे. माझी धाकटी मुलगी जिम्नॅस्टिक्सला जाते. आमच्या घरात ईदला आणि शुक्रवारी मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालण्याची रीत होती आणि माझ्या सासूबाई आजही आग्रह धरतात. साळुंखीताईंना विचारायचे आहे की आपण काजळाबद्दल लिहिलेत, तेच सुरम्यालाही लागू होते का? घरातल्या वडीलधाऱ्यांना दुखवायचे नसते, म्हणून हे विचारते.

साळुंखी
हर्णै_बंदर, आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. पारंपरिक सुरमा शिशाच्या खनिजापासून बनवला जात असे आणि आजही बाजारात काही ठिकाणी तसा मिळतो. लहान मुलांच्या शरीरात शिसे मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. त्यामुळे तो सरावालाच काय, घरीही लहान मुलांच्या डोळ्यांत घालू नये. सासूबाईंना हे आपण सांगण्यापेक्षा गावातल्या डॉक्टरांनी सांगितले तर त्या अधिक सहज ऐकतील, असा माझा अनुभव आहे. घरी वातीवर धरलेल्या काजळाबद्दलही मी हेच सांगते, कारण ते निर्जंतुक नसते.

हर्णै_बंदर
आभारी आहे. सासूबाईंना घेऊन येत्या बाजारच्या दिवशीच डॉक्टरांकडे जाते.

दशावतारी
मी सिंधुदुर्गात दशावतारी नाटकांत स्त्रीभूमिका करतो. मेकअपवर चर्चा चालली आहे म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. खेळातले मला फारसे कळत नाही.

आमच्याकडे लिखित संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात, आणि आपली रंगभूषा ज्याची त्याने स्वतःच करायची असते. पेटाऱ्याच्या झाकणाला आरसा टेकवून आम्ही तास-दीड तास रंगतो. तो वेळ केवळ तोंडाला रंग फासण्याचा नसतो. त्या वेळात मी माझा मी राहत नाही. द्रौपदी किंवा तारामती हळूहळू चेहऱ्यावर येते आणि मगच मी उभा राहतो. रात्रभर घामाने रंग ओघळतो, आम्ही टिपत राहतो, आणि पहाटे खोबरेल तेलाने सगळे उतरवतो. उतरवल्यानंतर मी मासे आणायला बाजारात जातो तेव्हा मला माझाच चेहरा हवा असतो.

मांडवीताईंचा मुद्दा मला पटतो, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी रंग नवा वाटता कामा नये. परंतु ती सवय पाच-सात वेळांत होते, त्यासाठी रोज रंगावे लागत नाही. मला चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ही अकरा वर्षांची मुलगी रोज साडेचार वाजता रंग लावते तेव्हा ती कोणाचे सोंग घेत असेल? तिला तिच्याच चेहऱ्याने मॅटवर उतरावेसे का वाटत नसेल? अबोलीताई, आपण तिला हे विचारले आहे का? मी आपल्याला दोष देत नाही. माझ्याही घरी दोन मुली आहेत.

रिबनवाली
दशावतारी, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी स्वतः शिकण्याला जागा द्यावी असे लिहिले तेव्हा मुलीला तो खेळ गमतीचा वाटतो असे गृहीत धरले होते. पिशवीत लपवलेली बाटली गमतीची नसते, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मी काजळ उघड लावत असे.

कोळथरे_आईचे_खाते
मी आठवीत आहे आणि आईच्या परवानगीने तिच्या खात्यावरून लिहीत आहे. मी पाच वर्षे जिम्नॅस्टिक्स करते. मोठ्यांनी येथे घाम आणि काजळाबद्दल लिहिले आहे ते सर्व बरोबर आहे, आम्हालाही ते माहीत असते. तरी आम्ही लावतो, कारण सराव चालू असताना पालक बाजूला बसून मोबाइलवर आमचे चित्रण करतात आणि त्याच संध्याकाळी ते सगळ्यांच्या स्टेटसला लागलेले असते. हँडस्टँडमध्ये उलटे असताना चेहरा लाल होतो, फुगतो, तोंड वेडेवाकडे होते. तेच चित्र दुसऱ्या दिवशी शाळेत मुले दाखवतात. पूर्वी सराव फक्त सर बघायचे, आता सगळे गाव बघते. मी फाउंडेशन लावत नाही, पण माझ्या दोन मैत्रिणी लावतात आणि त्यांचे कारण हेच आहे.

पांढरा_एप्रन
बाळा, तू फार स्पष्ट आणि चांगले लिहिले आहेस. आईलाही माझा नमस्कार सांग.

बीमवरून
हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्या सभागृहात पालकांसाठी जो बाक आहे तो मीच मांडून घेतला होता, आणि मुलीच्या प्रगतीची नोंद राहावी म्हणून चित्रण करा असेही मीच सांगितले होते. चित्रणाचा सरावात उपयोग आहे. स्वतःची चूक मुलीला डोळ्यांनी दिसते. परंतु त्यासाठी वर्गाचा एक मोबाइल पुरेसा आहे आणि ते चित्र वर्गाबाहेर जाण्याचे काही कारण नाही.

अबोली_रत्नागिरी
सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि काल संध्याकाळी सरावाऐवजी मुलीला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. दशावतारींचा प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला नाही. मी एवढेच विचारले की फाउंडेशन लावल्यावर काय बरे वाटते. बराच वेळ ती वाळूत पायाने रेघा मारत राहिली. मग तिने सांगितले की जिल्हा स्पर्धेनंतर पालकांच्या गटावर मुलींचे एकत्र छायाचित्र आले होते, त्याखाली कोणीतरी तिच्याबद्दल "उन्हात फार खेळते वाटतं" असे लिहिले होते आणि बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले होते. तो मोबाइल माझाच होता, तिने तो चाळताना वाचले. मीही ते वाचले होते आणि मला त्यात काही वाटले नव्हते. इतकेच नव्हे, त्याच आठवड्यात मी तिला साय-हळद लावून बसवले होते. तिने मला तेही सांगितले. फाउंडेशन माझ्या रंगाचे आहे, आणि मी तिच्यापेक्षा उजळ आहे.

मी सुरुवातीला विचारले होते की मॅडमचा नियम तिला कसा पटवावा. आता नियम पटवण्याआधी मला बरेच काही निस्तरायचे आहे.

मांडवी
अबोलीताई, आपण कोणत्या गटाबद्दल लिहीत आहात हे मला कळले. ते वाक्य मी लिहिलेले नाही, परंतु हसरा चेहरा टाकणाऱ्यांत मी होते. आपल्या मुलीची मी भेटून क्षमा मागेन. तिला अवघडल्यासारखे होणार असेल तर तसे कळवा, मग मी आपल्यापाशीच मागेन.

स्पर्धेच्या सवयीचे माझे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही. त्यावर काही मार्ग निघावा असे वाटते.

बीमवरून
मांडवीताई, मी आपला मुद्दा सोडला होता हे खरे आहे, आता उत्तर देते. स्पर्धेपूर्वीचे शेवटचे दोन सराव आम्ही पूर्ण तयारीनिशी घेतो: स्पर्धेचा पोशाख, बांधलेले केस, संगीत, परीक्षकांना अभिवादन. ज्या मुलीला स्पर्धेत डोळ्यांना काही लावायचे असेल तिने त्या दोन दिवशी ते लावून पाहावे, आणि मीही बघेन की ते उतरते का. इतर दिवशी कोरडा, धुतलेला चेहरा. मुलांच्या झुलपांना रबर, आणि तेही रोज. सराव चालू असताना पालकांचे मोबाइल दाराशी टोपलीत. दोरीवरचा_मल्लखांब यांची पाय धुण्याची पद्धतही मी उचलणार आहे. अडचण एवढीच आहे की आमच्या सभागृहाच्या नळाला संध्याकाळी पाचनंतर पाणी येत नाही.

दोरीवरचा_मल्लखांब
आमच्याकडेही तोच प्रकार होता. आम्ही दोनशे लिटरचे पिंप दुपारीच भरून ठेवतो आणि ते भरण्याची पाळी मुलांवर सोपवली आहे. पिंपाला खाली तोटी बसवून घ्या, म्हणजे हात बुडवावे लागत नाहीत.

साळुंखी
तोंड पाण्यानेच धुवावे, सरावापूर्वी साबण चोळू नये. काजळ पाण्याने निघत नाही. दशावतारींनी सांगितलेले खोबरेल तेल कापसाला लावून ते घरीच काढावे, म्हणजे तेलाचे हात मॅटपर्यंत पोहोचणार नाहीत.

देवबागची_वाट
आमच्या वाडीतल्या वर्गासाठी तोटीचे पिंप मी देतो. बीमवरूनताई, आपला वर्ग जवळ असेल तर आपल्यालाही पोहोचवता येईल, मला निरोप पाठवावा.

अबोली_रत्नागिरी
मांडवीताई आज घरी येऊन गेल्या. मुलगी आधी आतल्या खोलीत बसून राहिली, नंतर बाहेर आली आणि दोघींनी मिळून कोकम सरबत केले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. फाउंडेशनची बाटली मी कपाटातून काढून टाकली आहे, माझ्यासाठीही. संध्याकाळी ती काजळ लावूनच निघाली, मी अडवले नाही. सभागृहाच्या दाराशी मॅडमनी तिच्या हातात ओला पंचा दिला. तिने डोळे पुसले, तरी खालच्या पापणीशी एक काळी रेघ राहिली होती, ती घेऊनच ती बीमवर चढली. पहिल्या वेळी पडली आणि दुसऱ्या वेळी मागची कमान पूर्ण केली. आज मी चित्रण केले नाही, त्यामुळे दाखवायला काही नाही. उद्या काजळ लावायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही.